आजींचा रात्रीचा फोन आणि पेप्लाउचा चौथा टप्पा

आदरणीय मॅडम,

मी एका शासकीय रुग्णालयाच्या फिमेल सर्जिकल वॉर्डात अधिपरिचारिका आहे. नोकरीला दोन वर्षे झाली. दोन महिन्यांपूर्वी मधुमेहामुळे पायाचे बोट काळे पडलेल्या एक आजी आमच्याकडे दाखल झाल्या. बोट काढावे लागले, जखम भरायला वेळ लागला आणि त्या २६ दिवस वॉर्डात राहिल्या. माझी स्वतःची आजी मी जीएनएमच्या, म्हणजे परिचर्येच्या पदविकेच्या, तिसऱ्या वर्षाला असताना गेली आणि परीक्षेमुळे मला तिची शेवटची भेट घेता आली नाही. या आजी अगदी तिच्यासारख्या बोलत. ड्रेसिंग मीच करावे, इन्सुलिन मीच द्यावे असा त्यांचा हट्ट असे. दुसऱ्या सिस्टर आल्या की त्या हात आखडून घेत आणि ‘माझी पोर येऊ दे’ म्हणत. खरे सांगायचे तर मला त्याचे बरे वाटे. दोनदा मी त्यांच्यासाठी ड्युटी बदलून घेतली आणि इनचार्ज सिस्टरना कारण वेगळे सांगितले. डिस्चार्जच्या दिवशी त्या रडू लागल्या, तेव्हा मी माझा मोबाइल नंबर दिला आणि ‘कधीही फोन करा’ असे म्हटले.

आता रोज रात्री साडेआठच्या सुमारास त्यांचा फोन येतो. साखर एवढी आली, इन्सुलिन किती घेऊ, घेऊ की नको, असे विचारतात. पहिले पंधरा दिवस मी बोलले. आता त्यांचा नंबर दिसला की फोन पालथा ठेवते आणि रात्रभर अपराधी वाटत राहते. इनचार्ज सिस्टर म्हणाल्या, ‘पेशंटमध्ये गुंतायचे नसते, एवढेही शिकवले नाही का?’ आम्हाला शिकवले होते ते वेगळेच. परिचारिका आणि रुग्ण यांच्या नात्याचे पेप्लाउचे चार टप्पे मी पाच मार्कांसाठी पाठ केले होते. शिवाय मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या सिस्टर्सनी अरुणा शानबाग यांना इतकी वर्षे सांभाळले, त्याला आपण गुंतणे म्हणत नाही, अभिमानाने सांगतो. मग खरे काय? आणि आजींच्या फोनचे मी काय करू?

— एक परिचारिका

प्रिय सिस्टर,

तुमच्या पत्रातले ‘खरे सांगायचे तर मला त्याचे बरे वाटे’ हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. परिचर्या शिकवण्यात माझी उभी नोकरी गेली, पण हे इतक्या सरळपणे लिहून देणारी परिचारिका मला क्वचितच भेटली. तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे या वाक्यापाशीच सापडणार आहेत, म्हणून त्याच्याकडे मी सावकाश येईन. त्याआधी एक तातडीची गोष्ट सांगते, कारण या फोनच्या दुसऱ्या टोकाला इन्सुलिनची बाटली आहे.

आज रात्री फोन आला तर तो उचला. इन्सुलिन घेणाऱ्या आणि ते किती घ्यायचे याविषयी मनात शंका असलेल्या वृद्ध बाईने नुसती रिंग ऐकत बसणे धोक्याचे आहे. मात्र फोनवर डोस ठरवून देऊ नका, वाढवू नका, कमीही करू नका. तो अधिकार तुमचा नाही आणि न पाहिलेल्या रुग्णाबाबत तर मुळीच नाही. डिस्चार्ज कार्डावर डॉक्टरांनी जो आकडा लिहिला आहे तोच त्यांना वाचून घ्यायला लावा आणि साखरेचा आकडा फार वर-खाली दिसत असेल तर सकाळी दवाखाना गाठायला सांगा. घाम फुटला, हातपाय थरथरले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर आधी साखर खायची आणि मग घरातल्यांनी लगेच जवळच्या आरोग्य केंद्रात न्यायचे, एवढे त्यांना आणि घरातल्या कुणालातरी ठणकावून सांगा. आजच्यापुरते एवढे पुरे आहे.

आता पेप्लाउकडे येऊ. पाच मार्कांसाठी पाठ केलेल्या त्या चार शब्दांनी तुमच्यावर अन्याय केला आहे असे मला वाटते, कारण तुमच्या या २६ दिवसांचे निदान त्यांत जवळजवळ जसेच्या तसे लिहिलेले आहे.

हिल्डेगार्ड पेप्लाउ १९०९ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात जन्मल्या. १९१८च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत त्या नऊ वर्षांच्या होत्या आणि आजार माणसाचे, त्याच्या घराचे काय करतो हे त्यांनी त्या वयात पाहिले. पुढे दुसऱ्या महायुद्धात त्या लष्करी परिचारिका म्हणून इंग्लंडमध्ये होत्या आणि मनाने खचलेल्या सैनिकांची शुश्रूषा जवळून पाहत होत्या. त्यांच्या पुस्तकाचे हस्तलिखित १९४८ मध्ये तयार होते, परंतु परिचारिकेने डॉक्टरला सहलेखक न घेता असे पुस्तक लिहावे हे त्या काळी इतके धाडसाचे मानले गेले की ते छापून यायला १९५२ साल उजाडले. हा तपशील मी मुद्दाम सांगते आहे. त्या काळापर्यंत परिचारिका रुग्णासाठी काय काय करते याच्या याद्या होत्या; ती रुग्णाबरोबर जे करते, म्हणजे तिचे बोलणे, ऐकणे, थांबणे, हाही उपचाराचाच भाग आहे आणि त्याचा अभ्यास करता येतो, असे पेप्लाउ यांनी मांडले. म्हणून आपण त्याला नुसते नाते न म्हणता उपचारात्मक नाते म्हणतो.

त्यांचा पहिला टप्पा ओळखीचा, म्हणजे ओरिएंटेशनचा. दोन अनोळखी माणसे भेटतात आणि रुग्णाची अडचण नेमकी कोणती आहे हे दोघे मिळून शोधतात. दुसरा टप्पा आयडेंटिफिकेशनचा. आपल्याला कोण मदत करू शकेल हे रुग्णाला उमगते आणि तो त्या व्यक्तीला धरून राहू लागतो. तिसऱ्या टप्प्याला एक्सप्लॉयटेशन हा शब्द आहे, आणि तो ऐकला की आपल्या विद्यार्थिनींना शोषण आठवते. तिथे तसा अर्थ नाही. रुग्ण मिळणाऱ्या मदतीचा पुरेपूर उपयोग करून घेतो, कधी जास्तच मागतो, कधी स्वतः करून पाहतो, कधी पुन्हा आपल्यावर टेकतो. हे पुढे-मागे होणे पेप्लाउ यांनी स्वाभाविक मानले आहे. चौथा टप्पा रिझोल्यूशनचा, म्हणजे सुटण्याचा. गरज भागलेली असते, रुग्ण हळूहळू आपला हात सोडून स्वतःच्या पायावर उभा राहतो आणि परिचारिकाही त्याला सोडते. हे टप्पे एकमेकांत मिसळतात. चौथ्याची तयारी मात्र पहिल्या दिवसापासून करायची असते.

तुमच्या आजी दुसऱ्या टप्प्यावर सुंदर पोहोचल्या. काळ्या पडलेल्या बोटाचे भय घेऊन आलेल्या बाईने एका अनोळखी मुलीवर इतका विश्वास टाकणे ही लहान गोष्ट नाही, आणि त्याचे श्रेय तुमचे आहे. पण नाते तिथेच थांबले. तुमच्या पत्रात ड्रेसिंग तुम्ही केल्याचे आहे, इन्सुलिन तुम्ही दिल्याचे आहे. आजींनी स्वतःच्या हाताने सिरिंज भरून पाहिल्याचे कुठेही नाही. पेप्लाउ यांनी परिचारिकेच्या ज्या भूमिका सांगितल्या, त्यांत आईच्या, बहिणीच्या किंवा नातीच्या जागी उभे राहण्याची सरोगेटची भूमिका आहे, तशी शिक्षिकेचीही आहे. तुम्ही पहिली मनापासून निभावली आणि दुसरी राहून गेली. २६ दिवस सकाळ-संध्याकाळ ज्यांच्या पोटाची चिमूट धरून कुणीतरी मायेने सुई टोचली, त्यांना घरी गेल्यावर रात्री साडेआठला त्या हाताची आठवण येणारच. फोन करणाऱ्या आजींचे यात काहीच चुकलेले नाही. आपण त्यांना ज्या जागी आणून सोडले, तिथूनच त्या बोलत आहेत.

आता त्या वाक्याकडे येते.

आजींनी दुसऱ्या सिस्टरपासून हात आखडून घेतला की तुम्हाला बरे वाटत असे. हे वाटणे पाप नाही. ज्या कामात दिवसभर हाका, बेल, तक्रारी आणि रजिस्टरे असतात, त्यात कुणीतरी आपल्यालाच हवी म्हणते हे सुख आहे, आणि ते मलाही मिळालेले आहे. पण त्या क्षणी आजींची गरज कोणती होती? कोणत्याही सिस्टरच्या हातून वेळेवर औषध मिळणे ही त्यांची गरज होती. ‘माझी पोर’ म्हणवून घेणे ही तुमची गरज होती. तुमची आजी गेली, तुम्ही परीक्षेच्या बाकावर होता, निरोप राहून गेला. वॉर्डात तिच्या बोलीत बोलणारी बाई आली आणि राहिलेली सेवा करण्याची संधी मिळाली असे तुमच्या मनाने घेतले. रुग्ण आपल्याला नात ठरवतो हे पेप्लाउ यांनी सांगितले; आपणही रुग्णाला आजी ठरवतो, हे आपले आपल्याला ओळखावे लागते. पोरी, हे लिहिताना तुला ‘तुम्ही’ म्हणणे मला क्षणभर जड गेले, म्हणून हे एक वाक्य तसेच राहू देते: त्या दुःखाला जागा हवीच आहे, पण ती जागा रुग्णाच्या खाटेजवळची असता कामा नये, कारण त्या खाटेवरचा माणूस आधीच आजारी आहे.

यावरून एक गोष्ट लक्षात घ्या. नाते उपचाराचे आहे की दुसऱ्या कशाचे झाले आहे, हे जिव्हाळा किती आहे यावरून कळत नाही. आपण काय लपवतो यावरून मात्र पुष्कळ कळते. ड्युटी बदलून घेणे यात गैर काही नाही; इनचार्ज सिस्टरना खोटे कारण सांगावे लागले तिथेच काहीतरी घसरले होते. समजा, आजींनी पदरात बांधून ठेवलेला अर्धा लाडू तुम्ही टेबलावर सर्वांत वाटून खाल्लात तर तो लाडू आहे. औषधाच्या ट्रॉलीआड एकटीने खाल्लात तर तो तुमच्या दोघींमधला करार होतो. पुढे कधी शंका आली तर स्वतःला एवढेच विचारत जा की मी हे जे करते आहे, ते पाळी बदलतानाच्या हँडओव्हरमध्ये सर्वांसमोर सांगू शकेन का.

आणि ‘आजी’ म्हणणे सोडू नका. परदेशी पाठ्यपुस्तकांत रुग्णाला नाव आणि आडनावाने संबोधावे असे असते आणि तिथे ते योग्य आहे. आपल्याकडे साठीच्या बाईला नुसत्या नावाने हाक मारणे हाच अपमान होतो. आजी, मावशी, काका या हाका आपल्या वॉर्डातला आदर आहेत. हाक आजीची असावी आणि तुम्ही परिचारिका असावे, यात विरोध नाही.

तुमच्या इनचार्ज सिस्टरविषयी तुमच्या मनात राग आहे असे पत्रातून दिसते. तो थोडा बाजूला ठेवून माझे ऐका. ‘गुंतायचे नसते’ हे त्यांनी कुठल्या पुस्तकातून आणलेले नाही. ते वर्षानुवर्षांच्या नाइट ड्युट्यांनी त्यांच्या अंगात मुरवले आहे. १९६०च्या सुमारास इझाबेल मेन्झीज या मनोविश्लेषक बाईंनी लंडनमधील एका मोठ्या रुग्णालयातील परिचारिकांचा अभ्यास करून लिहिले होते की दुःख, मृत्यू आणि परक्या शरीरांची जवळीक यांतून येणारी अस्वस्थता सोसवत नाही म्हणून रुग्णालयाची सारी व्यवस्थाच तिच्यापासून बचाव करण्यासाठी रचली जाते. काम रुग्णागणिक न वाटता कामागणिक वाटतात, म्हणजे एकीने सगळ्यांचे तापमान घ्यायचे, दुसरीने सगळ्यांची अंथरुणे करायची. रुग्णाला नावाऐवजी खाटेच्या क्रमांकाने किंवा आजाराने ओळखतात. त्यांनी दिलेले ‘दहा नंबरचे लिव्हर’ हे उदाहरण वाचताना मी दचकले होते, कारण तेव्हा आमच्या वॉर्डात आम्ही अगदी तसेच बोलत असू. आजही ‘सात नंबरचा हर्निया ओटीला पाठवा’ हे तुम्ही रोज ऐकत असाल. मेन्झीज यांना पुढे असेही दिसले की या बचावाने अस्वस्थता कमी होत नाही. उलट कामातले समाधान तेवढे नाहीसे होते आणि अनेक मुली प्रशिक्षण अर्धवट सोडून जातात.

म्हणजे इनचार्ज सिस्टर तुम्हाला जे सांगत आहेत ते त्यांना तगवून ठेवणारे औषध आहे. एका सिस्टरमागे चाळीस-चाळीस रुग्ण असलेल्या वॉर्डात ते का घ्यावे लागते हे मी समजू शकते आणि त्यासाठी त्यांना दोष देणार नाही. पण तुम्ही ते घेऊ नका. सिद्धान्ताने कधीही अंतर ठेवायला सांगितलेले नाही. परिचर्येच्याच अभ्यासक जॉइस ट्रॅव्हलबी यांनी तर १९६६ मध्ये इथपर्यंत लिहिले की ‘परिचारिका’ आणि ‘रुग्ण’ हे शिक्के गळून पडून माणसाला माणूस भेटेपर्यंत खरे नाते सुरूच होत नाही. आणि समोरच्याचे दुःख नुसते समजून घेण्याच्या पुढची पायरी म्हणून त्यांनी ते हलके करण्याची तळमळ सांगितली. तळमळ हा शब्द मी माझ्या पदरचा वापरला आहे, तरी त्यांना अभिप्रेत होते ते हेच, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

केईएमचा दाखला तुम्ही दिला ते बरे केले, कारण माझ्या मते आपल्या प्रश्नाचे त्याहून चांगले उत्तर महाराष्ट्रात दुसरे नाही. नोव्हेंबर १९७३ मध्ये झालेल्या हल्ल्यानंतर अरुणा शानबाग, ज्या स्वतः त्याच रुग्णालयात परिचारिका होत्या, पुन्हा कधीच पूर्ववत झाल्या नाहीत, आणि १८ मे २०१५ रोजी निधन होईपर्यंत तिथल्या परिचारिकांनी त्यांना सांभाळले. सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११च्या निकालात त्यांच्या वतीने निर्णय घेण्याचा खरा अधिकार केईएमच्या कर्मचाऱ्यांचा मानला आणि इतक्या वर्षांत अंगावर एकही शय्याव्रण होऊ न दिल्याची आवर्जून नोंद घेतली. शय्याव्रण, म्हणजे आपला बेडसोअर, न होऊ देणे म्हणजे काय हे तुम्हाला मी सांगायला नको. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठ पुसून कोरडी करायची, चादरीची सुरकुतीही राहू द्यायची नाही; आणि हे चार दशके. हे एकट्या कुणाच्या प्रेमाने होऊ शकले नसते. सकाळच्या पाळीने संध्याकाळच्या पाळीला सांगितले, निवृत्त होणाऱ्या सिस्टरने नव्याने रुजू झालेल्या मुलीला दाखवले, आणि ती मुलगी निवृत्त होईपर्यंत पुढची आली. ‘माझी पोर येऊ दे’ असे तिथे कुणी म्हणू शकत नव्हते आणि म्हणावे लागलेही नाही, कारण जी पाळीवर असेल ती पोर होती. जिव्हाळा तुमच्यापेक्षा तिथे कमी होता असे कोण म्हणेल? फक्त तो साऱ्या वॉर्डाच्या मालकीचा होता. तुमच्या आजींचा तुमच्यावरचा विश्वास तुम्ही दुसऱ्या सिस्टरकडे चालत नेला असता, त्यांचा हात धरून ‘या माझ्याहून हलक्या हाताने टोचतात’ असे सांगितले असते, तर त्या २६ दिवसांतली ती तुमची सर्वांत मोठी सेवा ठरली असती.

आता माझी एक गोष्ट सांगते, कारण सुटण्याचा टप्पा चुकला की काय होते हे मी पुस्तकात वाचण्याआधी करून बसले होते. मनोरुग्णालयातल्या पोस्टिंगला आम्हाला प्रत्येकीला एक रुग्ण दिलेला असे आणि त्याच्याशी झालेले बोलणे शब्दशः लिहून काढावे लागे. तुम्हीही प्रोसेस रेकॉर्डिंग लिहिलेच असेल. एका रकान्यात रुग्णाचे वाक्य, दुसऱ्यात आपले, तिसऱ्यात आपल्याला काय वाटले ते. माझ्या वाट्याला चाळिशीच्या एक बाई आल्या होत्या, ज्या पहिले आठ दिवस एक अक्षर बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी त्यांनी माझ्या वेणीतली सुटलेली रिबन बांधून दिली आणि मग बोलू लागल्या. पोस्टिंगच्या शेवटच्या दिवशी मी निघताना त्यांनी विचारले, ‘उद्या येणार ना?’ आणि मी ‘हो’ म्हटले. नाही म्हणायला जीव धजला नाही. मागून गेलेल्या बॅचच्या मैत्रिणीने पुढे सांगितले की त्या कित्येक सकाळी जाळीच्या दाराशी येऊन बसत आणि दुसऱ्या कुणाशीही बोलायला तयार नसत. माझ्या वहीत त्या ‘हो’खाली आमच्या ट्यूटरनी लाल शाईने रेघ ओढली आणि बाजूला एवढेच लिहिले, ‘हे कोणासाठी?’ ती वही माझ्याकडे अजून आहे.

तुमचे ‘कधीही फोन करा’ त्याच जातीचे वाक्य आहे. रडणाऱ्या माणसासमोरून आपली सुटका करून घेण्यासाठी आपण ते बोलतो आणि निभावण्याचा भार नंतर त्याच्यावर पडतो. नाइटिंगेलबाईंनी दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी आपल्या परिचर्येवरच्या पुस्तकात पोकळ दिलासे आणि फुकाचे सल्ले यांवर एक अख्खे प्रकरण लिहिले, ते उगीच नव्हे. तरीही तुमचे बिघडलेले अजून सावरता येण्याजोगे आहे, माझे नव्हते. आजी बोलत आहेत, फोन करत आहेत. फोन न उचलता त्यांना आपोआप कळू देणे हा मात्र सर्वांत वाईट मार्ग आहे. त्यातून त्यांना एवढेच कळेल की आपले काहीतरी चुकले म्हणून पोर रुसली.

तर असे करा. येत्या दोन-तीन दिवसांत तुम्हीच दिवसा फोन लावा, शक्यतो सून किंवा मुलगा घरी असेल अशा वेळी. आणि डोसबद्दल बोलण्याआधी त्यांना एक प्रश्न विचारा. परिचर्येच्या आणखी एक अभ्यासक आयडा जीन ऑर्लँडो यांनी १९६१ मध्ये सांगितलेली एक साधी रीत इथे उपयोगी पडेल: रुग्णाच्या वागण्याचा आपल्या मनात आलेला अर्थ खरा धरून चालू नये, तो त्याच्यासमोर ठेवून बरोबर आहे का ते विचारावे. ‘आजी, तुम्ही रोज इन्सुलिनचे विचारता तेव्हा मला वाटते की सुई स्वतः टोचायची तुम्हाला भीती वाटते. तसेच आहे का, की दुसरे काही आहे?’ आणि मग थांबा, गप्प राहा. कदाचित सिरिंजवरच्या बारीक रेघा त्यांना दिसतच नसतील. कदाचित मेडिकलवाल्याने नारिंगी टोपीची, म्हणजे मिलीला शंभर युनिटच्या इन्सुलिनची, सिरिंज दिली असेल आणि बाटली मिलीला चाळीस युनिटची असेल, म्हणजे आकडा जुळत नसेल आणि साखर त्यामुळेच वर-खाली होत असेल. कदाचित साडेआठला घरात सगळे टीव्हीपुढे असतील आणि त्यांच्याशी बोलणारे कुणी नसेल. या तिन्ही अडचणींना उत्तरे वेगवेगळी आहेत आणि ‘घ्या हो आजी, वीस युनिट’ हे त्यांतल्या एकाचेही उत्तर नाही.

त्यानंतर खरे सांगा. ‘मी तुम्हाला कधीही फोन करा म्हटले, ते माझे चुकले. ड्युटीत मला फोन घेता येत नाही आणि तुमची तब्येत न पाहता औषध सांगणे तुमच्यासाठी धोक्याचे आहे. तुम्ही माझ्या लक्षात आहात आणि राहाल, पण रोजच्या औषधाचे विचारायला तुमच्या जवळचे माणूस हवे.’ त्या रुसतील, कदाचित रडतील. त्या वेळी नवे वचन देऊ नका. गावच्या आशाताईंचे नाव त्यांना ठाऊक असेलच. उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांकडे किंवा एएनएम सिस्टरकडे रक्तदाब-साखरेची तपासणी होते, तिथे त्यांचे डिस्चार्ज कार्ड दाखवायला कुणाला तरी पाठवा, आणि मुख्य म्हणजे तिथल्या सिस्टरबद्दल चांगले बोला. तुमचा विश्वास तिकडे सरकवण्याची हीच संधी आहे. इनचार्ज सिस्टरना मात्र या फोनची कल्पना आधी द्या, ड्युटीच्या खोट्या कारणासह. रागावतील, पण पुढच्या वेळी तुमच्या पाठीशी उभ्या राहतील असे मला त्यांच्या बोलण्यावरून वाटते. ज्यांना पर्वा नसते त्या असे टोकत नाहीत, सरळ मेमो देतात.

जखम तपासायला आजी ओपीडीत येणारच असतील. त्या दिवशी अर्धा तास काढून खाली जा, पण एकट्या जाऊ नका. ज्या सिस्टरपासून त्या हात आखडून घेत, त्यांनाच बरोबर न्या. तुम्ही शेजारी बसा आणि शिकवू त्यांना द्या. गढूळ इन्सुलिनची बाटली हलवायची नाही, दोन्ही तळव्यांत हलकेच फिरवायची. घरी फ्रीज नसेल तर ती गार पाण्याच्या माठाशेजारी ओल्या वाळूतल्या मडक्यात ठेवायची. जेवण समोर येणार याची खात्री असल्याशिवाय टोचायचे नाही. एकदा सिस्टर भरून दाखवतील, एकदा सून भरेल आणि एकदा आजी स्वतः. तो तिसरा डोस त्यांना सावकाश भरू द्या, हात थरथरला तरी मध्ये हात घालू नका. आणि सुनेला आजच निरोप धाडा की येताना नातवाला घेऊन ये, रेघा वाचायला त्याचे डोळे कामी येतील, आणि घरातली बाटली व सिरिंज दोन्ही पिशवीत घालून आण, म्हणजे टोपीचा रंग तिथेच पाहता येईल.